पाऊस ओसरल्यावर वरंध

जून उजाडला की पुण्या-मुंबईकडच्या माणसांच्या बोलण्यात घाट येऊ लागतात. ताम्हिणी, माळशेज, आंबोली आणि त्यांच्या जोडीने वरंध. महाडहून भोरला जाणारा हा रस्ता सुमारे पाऊणशे किलोमीटरचा. निम्मा कोकणात, निम्मा देशावर, मध्ये सह्याद्रीची भिंत आणि भिंतीपलीकडे नीरा-देवघर धरणाचा लांबच लांब फुगवटा. डोंगर, दरी आणि पाणी हे तिन्ही एका दिवसात, एका गाडीरस्त्यावरून दाखवणारी वाट रायगड जिल्ह्याच्या या आतल्या भागात दुसरी नाही. म्हणूनच तिच्यावर लोकांचा जीव आहे आणि तो असायलाच हवा. पण या वाटेला जाण्याचा जो मोसम आपण ठरवून टाकला आहे, तो चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. वरंधचा घाट आणि त्यापलीकडचे पाणी पाहायचे असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की निघावे, आणि जानेवारी संपेपर्यंत केव्हाही जावे. या सल्ल्यामागे सावधगिरी आहेच, पण नुसती सावधगिरी नाही. पावसाळ्यात ही वाट आपले निम्मे रूप झाकून ठेवते, हे या सल्ल्याचे मुख्य कारण.

आधी पाण्याचेच पाहू, कारण तळ्याकाठचा रस्ता म्हणून ज्याचे कौतुक होते त्यातले तळे नेमके कुठे आणि का आहे, हे कळल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या थोडे पुढे राजेवाडी फाट्याला वळले की बिरवाडी, वरंध, माझेरी अशी गावे लागतात आणि मग चढ सुरू होतो. या बाजूला पडलेला थेंब सावित्रीच्या खोऱ्यात उतरतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर-महाडवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. हा सगळा प्रवास जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, आणि त्यातला बहुतेक उतार पहिल्या काही कोसांतच संपतो. एवढ्या उभ्या उतारावर पाणी थांबत नाही. पोलादपूरच्या अंगाला सावित्रीवर रानबाजिरेचे धरण आहे, महाडच्या औद्योगिक वसाहतीला त्याचे पाणी जाते. पण मैलोन् मैल पसरलेला जलाशय कोकणच्या या पायथ्याशी मावत नाही. घाटमाथा ओलांडला की जमीन पूर्वेला हलकेच कलते. नीरा तिथून भोरकडे, पुढे भीमेकडे आणि भीमेतून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागराकडे निघते. या सावकाश कलणाऱ्या खोऱ्यात देवघरला बांध घातला आणि पावणेबारा टीएमसीच्या आसपास पाणी अडले. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब, एक माथ्यावरच्या वाघजाईच्या देवळाच्या अलीकडे पडला आणि एक पलीकडे, की त्यांच्या वाटा देशाच्या दोन टोकांना जातात. रस्त्यावरचा हा एक बिंदू नीट उमगला, तरी सहलीचे अर्धे सार्थक झाले.

आता या जलाशयाचे वर्ष कसे चालते ते पाहा. देवघर, भाटघर, गुंजवणी आणि वीर ही नीरा खोऱ्यातली चार धरणे. रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तने देऊन मे अखेरीस ती तळाला गेलेली असतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असला, तरी देवघरचा फुगवटा अजून भरायचाच असतो. त्या दिवसांत रस्त्यावरून दिसतात ते लाल-काळ्या चिखलाचे पायऱ्यापायऱ्यांचे काठ, आणि खोल तळाशी गढूळ पाण्याचा पट्टा. धरण भरायला बहुतेक वर्षी ऑगस्ट उजाडतो. सप्टेंबरात पाणी काठाला टेकते, ऑक्टोबरात गाळ खाली बसतो, आणि नोव्हेंबरात, कालव्यांची मागणी वाढण्याआधी, तेच पाणी स्वच्छ, निळे, स्थिर असे दिसते. बाजूच्या भाटघरच्या जलाशयाचे तर याहून ठसठशीत उदाहरण आहे. तिथे कांबऱ्याचे कांबरेश्वराचे जुने मंदिर वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असते आणि उन्हाळा संपता संपता उघडे पडते. पाण्याची पातळी किती खालीवर होते, हे यावरून कळावे. तळे पाहायला निघालेला माणूस जुलैत निघतो, तेव्हा तळे अजून आलेलेच नसते.

यावरचा पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. पावसाळ्यात तळे नसेल, पण धबधबे असतात, हिरवाई असते, ढग अंगावरून जातात. वरंधला लोक त्यासाठीच जातात. हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. आपला कातळ बेसॉल्टचा. त्याच्या उभ्या कड्यांवरून पडणारे मोठे ओहोळ पाऊस थांबल्यावर काही आठवड्यांत बारीक होतात. कोजागिरीनंतर आलेल्या माणसाला ऑगस्टमधला शुभ्र, गर्जणारा धबधबा मिळणार नाही, एवढे त्याने कबूल करूनच यावे. पण पावसाळ्यात नेमके काय दिसते, याचाही हिशेब मांडला पाहिजे. ऐन जुलैत घाटमाथ्यावर धुके इतके दाटते की पुढच्या गाडीचा लाल दिवा दहा हातांवर आला की दिसतो. दरी दिसत नाही, समोरची रांग दिसत नाही, पाणी दिसत नाही. रस्त्याच्या कडेची चार झाडे, एक कठडा आणि कठड्यापलीकडे पांढरा पडदा, एवढेच हाती लागते. धबधबा पाहायचा म्हणावा, तर तो बहुधा रस्त्यावरच पडत असतो आणि त्याच्याखाली गाड्या उभ्या करून माणसे भिजत असतात. डोंगर ज्याला म्हणतात तो मात्र दिसतो पाऊस उघडल्यावर. हवा धुऊन निघालेली असते, वाघजाईच्या वळणावरून खाली माझेरीकडची वाट, पलीकडच्या सोंडा, एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या रांगा मोजता येतात. गवत अजून पिवळे पडायचे असते किंवा नुकते पडू लागलेले असते. खालच्या वाड्यांत भाताची कापणी चालू असते, बांधावर पेंढ्या रचलेल्या असतात. हे दृश्य धबधब्यापेक्षा उणे आहे, असे मला कधीच पटले नाही.

पण नुसत्या दिसण्या-न दिसण्यावर हा वाद संपत नाही. या भागातल्या पावसाळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून सहलीचा विचार करता येत नाही. सह्याद्री एकसंध दगडाचा नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. काही थर कठीण, काही भुसभुशीत, सच्छिद्र, मधूनच लाल मातीचा पट्टा. पाणी वरच्या थरातून झिरपत येते, मऊ थरावर अडते आणि आडवे बाहेर पडते. वर झिजलेल्या दगडाची आणि मातीची जाड रजई असते. ती भिजून जड झाली आणि खालचा थर निसरडा झाला की उतारच्या उतार सुटतो. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई आणि आजूबाजूच्या गावांत असेच झाले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी वरंधजवळच्याच तळीये गावातली वाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस झाला होता. तुलनेसाठी सांगायचे, तर महाबळेश्वरपासून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला अख्ख्या वर्षात साधारण आठशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. शहरात राहणाऱ्या माणसाची पावसाची कल्पना आणि घाटमाथ्यावरचा पाऊस यांत एवढे अंतर आहे. छत्री आणि रेनकोट घेऊन निघण्याच्या तयारीत हे अंतर बसत नाही.

वरचा पाऊस खाली किती दूरवर घाव घालतो, हेही महाडने पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला आलेल्या पुरात महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला; शासकीय कामाच्या वेगाचे ते एक चांगले उदाहरण आहे. पण पूल लवकर झाला म्हणून नदीचा स्वभाव बदलत नाही. आणि सहलीपुरते बोलायचे, तर २८ जुलै २०१८ ची आठवण महाड-पोलादपूर या दोन तालुक्यांत कुणालाच टाळता येणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी शनिवारची सुट्टी साधून महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरहून चढणाऱ्या आंबेनळी घाटात त्यांची बस शेकडो फूट खोल दरीत कोसळली. तीस जण गेले, एक जण वाचला. ती माणसे याच कोकणची होती, पावसाची, घाटाची, लाल मातीच्या रस्त्यांची सवय असलेली. तेव्हा परिचय असला म्हणजे धोका कमी होतो, हा समज तेवढ्यापुरता तरी बाजूला ठेवावा.

इथे कुणी म्हणेल, अपघात महामार्गावरही होतात, मग घाटालाच नावे का ठेवायची? फरक असा की महामार्गावरचा धोका बहुतांशी चालकाच्या हातात असतो. वेग कमी ठेवला, झोप झाली असली, पट्टा लावला, की तो पुष्कळ घटतो. सुटणाऱ्या उतारापुढे चालकाचे कसब चालत नाही. शिवाय मदत किती लांब आहे हा प्रश्न उरतोच. माथा आणि भोर यांच्या मधल्या टापूत मोबाइलची रेंज भरवशाची नाही, मोठे रुग्णालय एकतर महाडला किंवा भोरला. आंबेनळीच्या त्या अपघातात दोर लावून दरीत उतरले, ते महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिर्यारोहक आणि गावकरी. पावसात, धुक्यात, पायाखालची माती निसटत असताना ही मंडळी खाली जातात आणि मृतदेह खांद्यावर घेऊन वर येतात. जुलैतल्या सहलीचा हिशेब करताना पेट्रोल आणि जेवणाचा खर्च आपण धरतो, या माणसांनी पत्करलेली जोखीम मात्र धरत नाही. माझ्या मते ती धरलीच पाहिजे, कारण आपल्या हौसेपायी त्यांना दरीत उतरावे लागते.

प्रशासनाने हे ओळखले आहे. गेली काही वर्षे पावसाळ्यात वरंध घाट अवजड वाहनांना बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी सर्वच वाहनांना. मग महाड-पुणे वाहतूक माणगावहून ताम्हिणीने किंवा आंबेनळीने वळते. या बंदीवर नेहमी एक तक्रार होते, की हा गावकऱ्यांचा रस्ता आहे, बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला जाण्याचा. तो बंद करून त्यांची कोंडी का करता? तक्रार रास्त आहे. पण ती गावकऱ्यांची आहे, आपली नाही. किंबहुना याच कारणाने पर्यटकाने पावसाळ्यात या वाटेपासून दूर राहावे. रस्ता उघडा असेल त्या थोड्या दिवसांत त्यावरची जागा दूधवाल्याला, एसटीला, रुग्णवाहिकेला मोकळी राहिली पाहिजे. धबधब्याखाली दोन्ही कडांना गाड्या लावून अडवलेल्या अरुंद वळणावर रुग्णवाहिका अडकते, तेव्हा कोंडी कोणी केली, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा मुद्दा रुंदीकरणाचा. घाटात रुंदीकरणाची कामे झाली आहेत, आता रस्ता चांगला होतोय, मग भीती कसली, असे म्हटले जाते. रस्ता चांगला होतोय हे मान्य. पण डोंगराचा पायथा कापून रस्ता रुंद करणे म्हणजे उताराचा आधार काढून घेणे. नव्याने कापलेली भिंत काही पावसाळे काढल्याशिवाय स्थिर झाली की नाही, हे कळत नाही. नव्या संरक्षक भिंती पावसात खचल्याचे या घाटाने पाहिले आहे. आणि रुंद, गुळगुळीत रस्त्याने वेग वाढतो. देवघरच्या काठाने जाणाऱ्या वळणांवर वेग वाढला, तर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल पाणी असते. गाडी पाण्यात गेल्याच्या बातम्या इथून आलेल्या आहेत. म्हणून सुधारलेल्या रस्त्याचा खरा फायदा कोरड्या दिवसांत, उजेडात आणि चाळिसाच्या वेगात घ्यावा.

आता पोटाचा प्रश्न. वाघजाईच्या देवळाशी, माथ्यावर, चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. कढईत उकळते तेल, ओल्या हाताने सोडलेली कांद्याची खेकडा भजी, लसणाच्या लाल चटणीची कागदावर ठेवलेली पुडी आणि छपरावरून टपून बसलेली माकडे. पावसाळी गर्दी थांबली, तर या घरांनी काय करायचे? हा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो, कारण त्यात माणसांच्या चुली आहेत. त्याचे उत्तर हेच की आजच्या व्यवस्थेत त्यांचा धंदा सर्वांत बेभरवशाच्या महिन्यांवर टांगलेला आहे. अलर्ट लागला की घाट बंद, घाट बंद की गल्ला शून्य, आणि तोही ऐन हंगामात. तेच गिऱ्हाईक नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीत विखरून आले, तर दिवस निश्चित मिळतात, रस्ता उघडा असतो, आणि एका रविवारी हजार माणसे येण्यापेक्षा रोज थोडी थोडी आली, तर घाटातला कचराही आटोक्यात राहतो. माकडांना मात्र कोणत्याही मोसमात काही देऊ नये. दिलेल्या बिस्किटामुळेच ती रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात आणि चाकाखाली येतात.

तेव्हा दिवाळीनंतरचा एक दिवस कसा आखावा? महाडहूनच निघावे आणि पहिले पाणी गावातले पाहावे, ते म्हणजे चवदार तळे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याआधी, १९२३ मध्ये, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी ठरावाने पाणी हातात येत नव्हते. पुढे हा वाद कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने दिला. डोंगरातल्या निसर्गरम्य पाण्याकडे जाताना गावातले हे तळे ओलांडून जाणे मला योग्य वाटत नाही. सकाळी सातला पायऱ्यांशी थांबावे, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी शांतपणे उभे राहावे, आणि मग गाडी राजेवाडीकडे घ्यावी. पोलादपूरहून निघणाऱ्यांनीही वीसेक किलोमीटर उलटे येऊन हे करावे.

उजेडाचा विचार सहलीत फारसा कुणी करत नाही, पण या वाटेवर तो निर्णायक आहे. कोकणच्या बाजूचे कडे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो, त्यामुळे चढताना वळणे सावलीत मिळतात, डोळ्यांवर ऊन येत नाही, इंजिनही तापत नाही. वाट थोडी वाकडी करून शिवथरघळीला जायचे की नाही, हे आधीच ठरवावे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला, अशी परंपरा आहे. विसरलेली ही घळ १९३० मध्ये धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी शोधून प्रकाशात आणली. घळ नीट पाहायची, तर दीड-दोन तास जातात. लहान मुले किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील, तर घळ आणि देवघरचे पाणी एकाच दिवशी करू नये, एकच निवडावे. दोन्ही केले, तर परतीला अंधार होतो आणि सगळा बेत फसतो.

घळ सोडली, तर नऊच्या सुमारास वाघजाई. कावळ्या किल्ल्याला चिरूनच हा रस्ता काढलेला आहे, त्यामुळे माथ्यावर उभे राहिले की दोन्ही हातांना किल्ल्याचेच तुकडे असतात, आणि कातळात खोदलेली जुनी पाण्याची टाकी सांगतात की या खिंडीवर पहारा बसत असे. सावित्रीच्या खाडीतून महाडच्या बंदरात उतरलेला माल घाटावर नेणाऱ्या वाटांपैकी ही एक. महाडजवळ गांधारपाल्याला बौद्ध लेणी आहेत, ती सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची. व्यापारी रस्त्याशिवाय अशी लेणी खोदली जात नाहीत. माथ्यावर अर्धा तास पुरतो. पुढे उतार लागतो आणि हिरडोशीच्या अलीकडे-पलीकडे देवघरचे पाणी दिसू लागते. दहा ते बारा ही वेळ काठावर घालवावी. वळणावर, अरुंद कडेला गाडी थांबवू नये. गावाजवळ रस्ता रुंद झाला की तिथे उतरावे. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि खाली मऊ असतो, तेव्हा मुलांना पाण्यापाशी सोडू नये, पोहण्याचा तर विचारही करू नये. या पाण्याखाली कुणाची भातखाचरे, कुणाची घरे, कुणाच्या ग्रामदैवतांचे पार आहेत. ती माणसे खालच्या लाभक्षेत्रात नव्याने वसली, आणि त्यांच्या जुन्या शेतांवर थांबलेले पाणी आज फलटण-माळशिरसकडच्या उसाला, ज्वारीला जाते. काठावर उभे राहून छायाचित्र घेताना एवढे माहीत असावे.

जेवायला भोर. पिठले-भाकरी साध्या खानावळीत मिळते. तिथून दोनच्या आत परत फिरावे. नोव्हेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि परतीचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे उशीर केला, तर मावळतीचे ऊन चालकाच्या थेट डोळ्यांत येते आणि समोरून वर येणारी गाडी वळणापर्यंत दिसतच नाही. साडेतीनला वाघजाई गाठली, तर ऊन अजून कड्यांवर तिरपे पडलेले असते. सकाळी सावलीत काळी दिसलेली भिंत आता तांबूस झालेली असते, थरांमधल्या लाल रेषा स्पष्ट उमटतात, सुकत चाललेल्या ओहोळांचे काळे ओघळ कड्यावर वरपासून खालपर्यंत दिसतात. खाली वरंधकडच्या खाचरांत कापलेल्या भाताचे चौकोन, मधून जाणारा रस्ता, आणि त्याच्या पलीकडे तळीयेच्या डोंगरावर २०२१ चा पांढरट ओरखडा.